मागच्या स्टेरिंगवरचे गुणाजी घाडी

गुणाजी घाडींना लग्नाच्या गर्दीत शोधायचं असेल तर शेवटच्या पंगतीचं शेवटचं पान बघावं. बसमध्ये पुढच्या जागा रिकाम्या असल्या तरी ते मागच्या लांब सीटवर जाऊन बसतात. लालबागला त्यांची चाळ पाडून टॉवर झाला, त्या टॉवरच्या लिफ्टमध्येही ते सगळ्यांच्या नंतर शिरतात आणि दार मिटताना कुणाचा पदर, कुणाची पिशवी अडकत नाही ना ते बघतात. त्यांच्या पत्नी गंगुबाई सांगतात की वरातीतसुद्धा हा माणूस मागे राहिला आणि मी एकटीच उंबरठ्यापाशी येऊन पोचले. गंगुबाई थोडं तिखटमीठ लावून सांगतात, पण फार नाही.

याला कुणी विनय समजू नये. गुणाजींना भरपूर अहंकार आहे, आणि ज्यांना काम येतं त्यांना तो असावा असं माझं मत आहे. त्यांनी आयुष्यभर नोकरीच मागे बसण्याची केली, एवढंच.

ती नोकरी आधी समजावून सांगते, कारण माझ्या बहिणीला सांगताना तिसऱ्यांदा माझा आवाज चढला होता. पुढे एक ट्रक. त्याच्या मागे लोखंडी दांडी. दांडीला जोडलेला लांबच लांब, पुष्कळ चाकांचा ट्रेलर. त्यावर वीज कंपनीचा ट्रान्सफॉर्मर किंवा कारखान्याचा बॉयलर, म्हणजे चाळीतल्या चार खोल्या एकत्र बांधल्यावर होईल एवढं धूड. असं सगळं प्रकरण वळणावर आलं की पुढचा ड्रायव्हर पुढची बाजू वळवतो, पण शेपूट त्याच्या हातात नसतं. म्हणून ट्रेलरच्या अगदी टोकाला दुसरं स्टेरिंग असतं आणि त्यावर दुसरा माणूस बसतो. त्याला पुढचा रस्ता दिसत नाही, त्याच्यासमोर नुसता माल. पुढच्याला हा दिसत नाही. दोघांमध्ये घंटीची तार असायची, ती दर महिन्याला तुटायची. मग शिट्टी. दोन बोटं तोंडात घालून एक लांब शिट्टी म्हणजे चल, दोन आखूड म्हणजे हळू, आणि सलग वाजतच राहिली तर थांब. या धंद्यात एक रीत होती: पुढच्याने मागे बघायचं नाही. शिट्टी झाली की निघायचं. ड्रायव्हर खाली उतरून मागे चालत आला, तर त्याचा मागच्या माणसावर भरवसा राहिला नाही असा त्याचा अर्थ, आणि मग मागच्याने त्या गाडीवर पुन्हा बसायचं नाही.

आता मी यात कुठून आले? मी देविका, गिरगावातली, विमा कंपनीतून निवृत्त. शाळेत असताना ऑपेरा हाऊसच्या चौकात एक बॉयलर जाताना मी पाहिला. गाडीच्या पुढे खलाशी लांब बांबूंनी विजेच्या तारा उचलत चालले होते आणि सगळा रस्ता टोप्या सावरत वर बघत होता. मी शाळेत पोचले ती मधल्या सुट्टीत. तेव्हापासून मला या गाड्यांचं वेड आहे. घरच्यांनी ते लग्नानंतर जाईल म्हणून वाट पाहिली, ते गेलं नाही. परळला जगदीशचं गॅरेज आहे. जगदीशही असाच. त्याच्याकडे रविवारी सकाळी आम्ही चार-सहा जण जमतो, जुन्या गाड्यांचे फोटो काढून बसतो आणि कुठल्या गाडीचा तिसरा गिअर कसा किंचाळायचा यावर भांडतो. जगदीशच्या फोनची रिंगसुद्धा एका डिझेल इंजिनाची आहे. बहीण म्हणते, तुमच्यात सुधारण्यासारखं काही उरलेलं नाही.

दोन वर्षांपूर्वी जगदीशला वडाळ्याच्या एका बंद यार्डात ‘बाय’ सापडली. स्कॅमेल कंपनीची लांब नाकाची विलायती गाडी, पाठीवर वजनासाठी लोखंडाने भरलेली पेटी, रंग उडालेला पण दारावरचं नाव शाबूत. मालवणी खलाशांनी तिला लाडाने ठेवलेलं नाव कुणीतरी दारावर पांढऱ्या रंगात लिहिलं होतं. तिच्या मागे गवतात तिचा ट्रेलरही उभा होता. मी त्या दिवशी तिच्या मडगार्डवर हात ठेवला आणि मला चक्क रडू आलं. जगदीश तोंड फिरवून टायर बघत राहिला, कारण त्याचंही तेच झालं होतं.

जुन्या मालकाच्या मुलांना यार्ड रिकामं करायचं होतं. पुढच्या दिवाळीच्या आत न्या, नाहीतर कापायला देऊ, असं त्यांनी सरळ सांगितलं. माटुंग्याकडचं एक इंजिनिअरिंग कॉलेज तिला आपल्या आवारात उभी करायला तयार झालं, पण ट्रेलरसकट. मोठ्या रस्त्यापर्यंत बाय आणि ट्रेलर पोचले असते तर पुढे त्यांना उचलून न्यायला आजच्या काळातली गाडी मिळत होती. अडचण मधल्या गल्लीची होती. इतक्या वर्षांत यार्डाच्या फाटकाबाहेर दोन्ही बाजूंनी गोदामं उठली होती, मध्ये एक काटकोनी वळण. क्रेन आत शिरत नव्हती. ट्रेलर बाहेर यायचा तर पूर्वीसारखाच, पुढून एकाने ओढून आणि मागून एकाने वळवून.

जगदीशने इंजिनावर वर्षभर जीव टाकला. माझ्याकडे माणसं शोधायचं काम आलं. बाय जिची होती त्या ट्रान्सपोर्ट कंपनीच्या जुन्या लोकांकडे विचारत विचारत मी लालबागला गुणाजींच्या दारात पोचले. मी बोलत असताना ते पाय हलवत बसले होते. बाय पुन्हा चालू होतेय म्हटल्यावर पाय थांबला.

“पुढे कोण बसणार?” त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, धम्मपाल तांबे म्हणून ड्रायव्हर होते, नायगावला राहतात असं कळलंय. गुणाजी उठले आणि मोरीत जाऊन उगाचच हात धुऊ लागले. गंगुबाईंनी मला डोळ्यांनी स्वयंपाकघराकडे बोलावलं आणि लसूण सोलता सोलता सगळं सांगितलं.

गुणाजींचे वडील गिरणीत होते. गुणाजी स्वतः बदली कामगार म्हणून लागले आणि वर्षभरात संप झाला. मग त्या ट्रान्सपोर्ट कंपनीत खलाशी, बांबू धरून तारा उचलण्यापासून सुरुवात. धम्मपाल तेव्हा नुकते बायवर ड्रायव्हर झाले होते. आईवडिलांनी बौद्ध धम्म स्वीकारल्यानंतर जन्मलेलं घरातलं पहिलं मूल, म्हणून नाव धम्मपाल. एकदा मागचा माणूस आजारी पडला, गुणाजी त्या स्टेरिंगवर बसले आणि ट्रॉम्बेच्या एका बेरकी वळणातून माल असा काही काढला की खाली उतरल्यावर धम्मपालनी सांगितलं, यापुढे माझ्यामागे हाच. त्यानंतर वीस वर्षं दोघं एकाच गाडीच्या दोन टोकांना बसले. काम चालू असताना एकमेकांना कधी पाहिलं नाही, आणि काम संपलं की वेगळे झाले नाहीत. गंगुबाईंचं बांगड्याचं तिकलं दोन डब्यांत जायचं. गणपतीत धम्मपाल घरी यायचे, हात जोडत नसत, पण मोदक सोडत नसत. सहा डिसेंबरला दादरला येणाऱ्या लोकांसाठी धम्मपालच्या चाळीतली माणसं पाण्याचं टेबल लावायची, तिथे गुणाजी पिंपामागे उभे असायचे.

आणि मग तो दिवस आला. एका पुलाच्या उतारावर मोठा ट्रान्सफॉर्मर होता. गुणाजींनी शिट्टी दिली. बाय हलली नाही. पुन्हा दिली. हलली नाही. तिसऱ्यांदा दिल्यावर धम्मपाल केबिनमधून उतरले आणि साहेब, पोलीस, खलाशी अशा सगळ्यांसमोरून ट्रेलरच्या कडेकडेने मागे चालत आले. गुणाजींकडे नुसतं बघितलं, चाकांकडे बघितलं, परत गेले आणि गाडी काढली. एक खलाशी फिस्सकन हसला. माल पोचवून झाल्यावर गुणाजी धम्मपालसमोर जाऊन उभे राहिले आणि मी उतरतो म्हणाले. धम्मपालनी कारण सांगावं, निदान शिवी द्यावी, एवढीच त्यांची अपेक्षा होती. धम्मपाल गप्प राहिले. दुसऱ्या दिवसापासून गुणाजी न्हावाशेव्याच्या यार्डात गेले, आणि पुढे कुणी धम्मपालचं नाव काढलं की चहा अर्धा टाकून उठायचे.

“ह्येंच्या पोटात तो अजून आसा,” गंगुबाई म्हणाल्या. “पण सांगतले नाय. मेले तरी सांगतले नाय.”

बाहेर येऊन पाहिलं तर गुणाजींचे हात अजून धुऊन होत होते. ते म्हणाले की मी येईन, पण तो येणार नाही. मग दारापर्यंत आले आणि लिफ्टचं बटण दाबता दाबता सहज विचारल्यासारखं विचारलं की त्याची तब्येत बरी आहे ना. मी म्हटलं मला ठाऊक नाही, अजून भेटलेले नाही. भेटलात की कळवा, असं म्हणून त्यांनी घाईघाईने दार लावून घेतलं. सत्तरीला टेकलेला माणूस असा दार लावतो तेव्हा हसावं की काय करावं ते कळत नाही.

धम्मपाल तांबेंकडे मी त्याच आठवड्यात गेले. नायगावला त्यांच्या खोलीत टीव्हीवर क्रिकेट चालू होतं आणि आवाज बंद होता. मी आले म्हणून बंद केला असेल असं मला वाटलं. मी बोलत होते आणि हा उंच, पांढऱ्या भुवयांचा माणूस माझ्या तोंडाकडे टक लावून बघत होता, हो नाही काही नाही. मी बायबद्दल बोलले, गल्लीच्या वळणाबद्दल बोलले. मध्येच ते उठले आणि माझ्या हातातला बायचा फोटो घेऊन खिडकीशी गेले. मला राग आला. समोरचा माणूस ऐकून घेत नसला की मला फार लवकर राग येतो. त्यांच्यासमोर जाऊन जरा चढ्या आवाजातच विचारलं, येणार की नाही, आणि मागे गुणाजी घाडी असतील, चालेल ना?

गुणाजी हे नाव घेताच त्यांच्या भुवया वर गेल्या. “येतो,” म्हणाले, आणि तो फोटो त्यांनी ठेवून घेतला.

मी लालबागला फोन करून सांगितलं की येतायत, तब्येत ठणठणीत आहे, फक्त तिरसट आहेत. गुणाजी म्हणाले तो तिरसट नाही. पहिल्यांदाच त्यांनी त्या माणसाची बाजू घेतलेली मी ऐकली.

दुसऱ्या दिवसापासून गुणाजींनी शिट्टीचा सराव सुरू केला. आता त्यांना कवळी आहे, आणि कवळीने शिट्टी वाजत नाही, नुसती हवा निघते. ते गच्चीवर जाऊन कवळी काढायचे, रुमालात गुंडाळायचे आणि बोटांची जागा शोधत राहायचे. टॉवरच्या वॉचमनने तक्रार केली. गंगुबाईंनी मला फोन केला. “ह्या वयात शिट्यो मारतत! शेजारची माणसां काय म्हणतली?” पण त्याच गंगुबाई त्यांना कोमट पाण्याने चुळा भरायला लावत होत्या, हे मी स्वतः पाहिलं आहे. एकदा मी गेले तेव्हा गुणाजी गच्चीच्या कठड्याशी उभे होते. शिट्टी पहिल्यांदा नीट लागली, लांब आणि स्वच्छ, आणि समोरच्या टॉवरच्या गॅलरीतून दोन माणसं बाहेर आली. गुणाजींचा चेहरा उजळला. ते मला म्हणाले की ही वडाळ्याला पुढच्या टोकापर्यंत जाईल, बायचं इंजिन चालू असलं तरी. इतक्या वर्षांनी माझी शिट्टी ऐकून तो काय करतो ते बघू, असंही म्हणाले. त्यांना काय हवंय हे मला तेव्हा नीट कळलं. बाय बाहेर निघणं ही आमची हौस होती. गुणाजींना हवं होतं की धम्मपालने त्यांच्या शिट्टीवर एकदा, फक्त एकदा, मागे न बघता गाडी हलवावी.

ऑक्टोबरच्या एका रविवारी सकाळी आम्ही वडाळ्याला जमलो. जगदीशने बायला नवे टायर घातले होते आणि तिच्या नाकावर झेंडूची माळ घातली होती. गंगुबाईंनी पाठवलेला नारळ फुटला, लिंबू चाकाखाली गेलं. धम्मपाल आले. गुणाजी आधीच आले होते आणि ट्रेलरच्या शेपटीशी ग्रीस बघत होते. दोघांमध्ये पन्नास-साठ पावलांचं अंतर होतं आणि दोघांनीही ते चालायची तयारी दाखवली नाही. धम्मपालनी बायच्या दारावर तळहात ठेवला, मान खाली घालून थोडा वेळ उभे राहिले आणि मग या वयातही एका दमात वर चढले. इकडे गुणाजींनी चपला काढून बाजूला ठेवल्या, कवळी रुमालात बांधून माझ्या हातात दिली आणि मागच्या स्टेरिंगवर बसले. त्या गाठोड्याचं काय करायचं ते मला कळेना, म्हणून मी ते दोन्ही हातांनी धरून उभी राहिले.

इंजिन चालू झालं. तो आवाज मी लिहू शकत नाही. छातीच्या फासळ्यांत तो आधी येतो आणि कानात नंतर. जगदीश पुढे वळणाशी हात वर करून उभा होता. गुणाजींनी मागची चाकं एकदा डावीउजवीकडे फिरवून पाहिली, बोटं तोंडात घातली आणि शिट्टी दिली. लांब, स्वच्छ. गोदामाच्या पत्र्यावरची कबुतरं उडाली.

बाय हलली नाही.

गुणाजींनी पुन्हा शिट्टी दिली. मला वाटलं इंजिनात काही अडलं असेल. तिसरी शिट्टी गच्चीवरच्या कुठल्याही शिट्टीपेक्षा मोठी होती. इंजिन तसंच घरघरत राहिलं, गाडी जागची हलली नाही, आणि मग केबिनचं दार उघडलं. धम्मपाल उतरले आणि ट्रेलरच्या कडेकडेने मागे चालत येऊ लागले.

मी गुणाजींकडे पाहिलं आणि मला ते बघवेना. माणसाचा चेहरा असा उतरताना मी फार कमी वेळा पाहिला आहे. ते स्टेरिंगवरून उतरले आणि पायाने चपला शोधू लागले. चप्पल उलटी पडली होती, ती त्यांना सुलटी करता येईना. माझं डोकं भडकलं होतं. धम्मपाल तांबेंना चार शब्द सुनवायचे हे मी ठरवूनच टाकलं होतं.

धम्मपाल जवळ येऊन थांबले. “वाजवलीस का?” त्यांनी विचारलं.

गुणाजी चपलेकडेच बघत राहिले.

“गुणाजी, वाजवलीस का? मला ऐकू येत नाही. एक कान साफ गेलाय, दुसऱ्यात नुसती घरघर. त्या दिवशी पण आलं नव्हतं.”

मग ते खाली बघत, जरा मोठ्याच आवाजात, तुटक तुटक सांगत गेले. वर्षानुवर्षं बायच्या इंजिनाशेजारी बसून कान आधीच मंद झाले होते. त्या पुलावर शिट्टी झाली की नाही तेच त्यांना कळेना. चुकून निघालो आणि शिट्टी झालेली नसली, तर उतारावर ट्रेलर बाजूला सरकणार आणि पहिला चेंगरणार तो मागे बसलेला माणूस. म्हणून ते उतरून बघायला आले. गुणाजी धडधाकट बसलेले दिसले, हात चल म्हणत होता, तेव्हा जाऊन गाडी काढली. ऐकू येत नाही हे उघड झालं असतं तर लायसन्स गेलं असतं, आणि दोन्ही मुली तेव्हा शाळेत होत्या. पण ती फेरी झाल्यावर त्यांनी बाय सोडली. त्याच आठवड्यात वर्कशॉपमध्ये काम मागून घेतलं आणि पुन्हा कधी मालाच्या गाडीवर बसले नाहीत. गुणाजी तोवर न्हावाशेव्याला निघून गेले होते आणि त्यांना हे कुणी सांगू शकलं नव्हतं, कारण ते ऐकायला थांबत नसत.

गुणाजी हळूच म्हणाले, “मेल्या, माका सांगूक काय झाला होता?”

धम्मपालनी त्यांच्या तोंडाकडे बघितलं, आणि कवळी नसलेल्या तोंडाचं त्यांना काही वाचता येईना. “काय?” त्यांनी विचारलं.

तेव्हा गुणाजी ओरडले. इतकी वर्षं पोटात ठेवलेलं वाक्य त्यांना सगळ्या यार्डाला ऐकू जाईल असं ओरडून सांगावं लागलं. जगदीश पुढून धावत आला, काहीतरी अपघात झाला असं समजून.

“सांगितलं असतं तर तू मला बायवर बसू दिलं असतंस?” धम्मपाल म्हणाले.

गुणाजींनी विचार केला. खोटं बोलणं त्यांना जमत नाही. त्यांनी मान हलवली, नाही.

“मग?” धम्मपाल म्हणाले. “आणि तू उतरलास तेव्हा कारण न सांगता तुला थांबवलं असतं तर तू पुन्हा माझ्या मागे बसला असतास. बहिऱ्याच्या मागे.”

गुणाजी रडले. तोंड झाकून वगैरे नाही, उभ्याउभ्या, लहान मुलासारखे. जवळ ग्रीस पुसायचं फडकं होतं, त्याने त्यांनी डोळे पुसले आणि सगळं तोंड काळं करून घेतलं. धम्मपालनी तेच फडकं घेऊन त्यांचं तोंड पुसायला घेतलं, ते आणखी काळं झालं. मीही रडत होते. माझ्या हातांत कवळीचं गाठोडं असल्यामुळे मला डोळेही नीट पुसता येत नव्हते.

इंजिन चालू होतं, डिझेल जळत होतं आणि जगदीश, ज्याला भावनांपेक्षा डिझेलची काळजी जास्त वाटते, तो म्हणाला की आता पुढे काय करायचं ते ठरवा. त्याने स्वतः मध्ये उभं राहून निरोप पोचवायची तयारी दाखवली. गुणाजींनी ती तिथल्या तिथे उडवून लावली. माझ्या आणि धम्मपालच्या मध्ये तिसरा माणूस कधी नव्हता, म्हणाले. मग त्यांनी ट्रेलरच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत नजर टाकली. ट्रेलर मोकळा होता. इतकी वर्षं ज्या मालाने दोघांना एकमेकांपासून झाकून ठेवलं होतं तो माल आज नव्हता. बायच्या केबिनला मागे एक काच होती, ती वजनाच्या पेटीच्या वर येत होती. गुणाजींनी बोटाने ती काच दाखवली, मग धम्मपालच्या डोळ्यांकडे बोट केलं, मग स्वतःच्या छातीवर आपटलं.

धम्मपाल कचरले. “मागे बघून चालवू? मी?”

“बघ,” गुणाजी म्हणाले, तोंड मोठं करून, एकेक शब्द सुटा करत. “मागे बघ. मीच सांगतंय.”

धम्मपाल परत गेले. पुढचं सांभाळायला जगदीश वळणाशी दोन्ही हात पसरून उभा राहिला. केबिनच्या काचेत धम्मपालचा चेहरा आला. मान वळवताना त्यांना त्रास होत होता, वयामुळे असेल किंवा आयुष्यभराच्या सवयीमुळे असेल. गुणाजींनी एक हात स्टेरिंगवर ठेवला, दुसरा वर केला, आणि बाय हलली.

मी ट्रेलरच्या बाजूने चालत होते. वळणावर पुढची चाकं भिंतीला लागतील असं वाटत असताना गुणाजींनी शेपूट असं काही बाहेर टाकलं की अख्खा ट्रेलर पाठ वळवून त्या काटकोनातून सरकत गेला. भिंत आणि ट्रेलर यांच्यात माझी पर्ससुद्धा मावली नसती. धम्मपाल एक नजर जगदीशकडे, एक नजर मागे, असे चालवत होते. गुणाजींचा हात खाली आला की बाय मंद व्हायची, वर गेला की निघायची. या दोघांनी आयुष्यात पहिल्यांदा एकमेकांकडे बघत गाडी चालवली आणि ती जराही अडखळली नाही. मला त्या क्षणी दोघांचाही फार अभिमान वाटला, माझा काही संबंध नसताना.

मोठ्या रस्त्याच्या तोंडाशी बाय थांबली. टाळ्या झाल्या, कुणीतरी माळ तोडून फुलं उधळली. गुणाजी उतरले आणि अनवाणीच, ट्रेलरच्या कडेने, पुढे चालत गेले. केबिनच्या पायरीवर चढून त्यांनी खिडकीत डोकं घातलं. मी कवळी द्यायला मागोमाग गेले होते म्हणून मला ऐकू आलं.

“तू गाडी चालवताना जीभ भायर काढतंस,” गुणाजी म्हणाले. “माका कधी म्हायतच नव्हता.”

“काय?”

गुणाजींनी बोळक्या तोंडातून जीभ बाहेर काढली, ओठाच्या कोपऱ्यात दाबली, भुवया वर केल्या आणि हातात नसलेलं स्टेरिंग जोर लावून वळवून दाखवलं. धम्मपाल बघत राहिले आणि मग इतके हसले की त्यांना इंजिन बंद करायचं सुचेना. हसणं ओसरल्यावर त्यांनी दार उघडलं, गुणाजींचा दंड धरला आणि विचारलं, “आणखी काय काय करतो रे मी?”

आणि गुणाजी एकेक करून दाखवू लागले.